शब्दचर्चा : ‘नेईला’ आणि दरफाळणी

प्रश्न : योम किप्पुरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसाच्या, शेवटी म्हणतात ते ‘एल नोरा अलिला’ हे हिब्रू गीत ऐकलं. कडवं संपलं की ‘बिशअत हा-नेईला’ येतं. नेईला म्हणजे काय? बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, याच दिवसाला ‘दरफाळणीचा सण’ म्हणतात; तो शब्द त्यावरूनच आला का?

उत्तर १ : नेईला म्हणजे बंद करणं, तेही कडीकुलूप घालून. कुलपाला ‘मनऊल’ आणि जोड्याला ‘नअल’ म्हणतात, तेही याच धातूचे. जेरुसलेमच्या मंदिराचे दरवाजे बंद व्हायची ती वेळ. पुढे दारं स्वर्गाची झाली आणि त्या दिवशीच्या पाचव्या प्रार्थनेला हेच नाव पडलं. गीत ग्रानाडाच्या मोशे इब्न एझ्राचं, साधारण ९०० वर्षांपूर्वीचं. पहिल्या सहा कडव्यांची आद्याक्षरं जुळवून बघा : मेम, शिन, हे, म्हणजे मोशे, मग हेत, झायिन, कोफ, म्हणजे हझाक, ‘बळकट राहा’. आपला तुका उघड सही करतो, हा लपवून.

उत्तर २ : दरफाळणी नेईलावरून आली असं मला वाटत नाही. अर्थ ‘दारं बंद करणं’ हाच, पण ही दारं घराची. उपास धरायचा, पांढरे कपडे घालायचे, दार लावून घरात राहायचं, बाहेरच्यांशी संबंध नाही. कोकणातल्या बेने इस्राएलांची सणांची नावं बहुतेक अशीच, डोळ्यांना दिसेल ते सांगणारी : खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. दरफाळणीचा दुसरा दिवस तर चक्क ‘शिळा सण’! हिब्रू प्रार्थनेची सेफार्दी, म्हणजे स्पेनकडच्या ज्यूंची, रीत नंतर आली, मुख्यतः कोचीनच्या ज्यूंकडून. मुंबईतलं बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनागृह, १७९६चं, नाव ‘शाआर हारहामीम’, दयेचं दार. त्यामुळे दोन दारं एकमेकांत मिसळावीशी वाटतात खरी.

प्रश्नकर्ता : पटलं. मग ‘एल नोरा अलिला’ मराठीत कसं म्हणाल? ‘भयंकर देव’ कानाला खटकतं.

उत्तर १ : खटकणारच. आजच्या बोली हिब्रूत ‘नोरा’ म्हणजे भयंकर, वाईट, आणि ‘अलिला’ म्हणजे गोष्टीचं कथानक. इथे मात्र शब्द बायबलमधल्या ६६व्या स्तोत्रातले : नोरा म्हणजे धाक वाटावा असा, अलिला म्हणजे कृती.

उत्तर २ : मग ‘करणी’ का नको? जादूटोण्याची नव्हे, नारळात पाणी घालणारी.
‘धाक वाटावा अशी तुझी करणी, देवा,
आम्हाला क्षमा मिळू दे
दारं लावायच्या वेळी.’