कमांडर कीन: पीसीवर पडदा इतका सलग सरकतो कसा?

बोरूबहाद्दर:
सध्या डॉसबॉक्सवर (जुने डॉस गेम आजच्या पीसीवर चालवणारा प्रोग्रॅम) ‘कमांडर कीन’चा पहिला भाग खेळतोय. गेम १९९० चा. त्या काळच्या पीसीवर हिरो कडेला पोचला की एकदम पुढचं चित्र यायचं, नाहीतर सगळं अडखळत सरकायचं. इथे कीन पळतो आणि मंगळ मागे कसा अलगद सरकतो! निनटेंडोच्या यंत्रात ही सोय होती, ठाऊक आहे. पीसीत कुठून आली?

जुनीफ्लॉपी:
अर्धी सोय होती, उरलेली या गेमचा प्रोग्रॅमर जॉन कारमॅक याने केली.

ईजीएवर, म्हणजे त्या काळच्या ग्राफिक्स कार्डावर, १६ रंगांत ३२०×२०० चा पडदा म्हणजे ३२,००० बाइट. दर फ्रेमला तेवढं नव्याने रंगवायचं तर २८६ प्रोसेसरला घाम फुटायचा. पण ‘मेमरीत इथून पुढे दाखव’ असं कार्डाला सांगता येतं. म्हणजे चित्र जागेवरच, आपण खिडकी सरकवायची. पिक्सेल-पिक्सेल सरकवायला कार्डात वेगळं रजिस्टर (आकडा भरायची जागा) आहे.

चित्र टाइलींचं, म्हणजे छोट्या चौकोनी तुकड्यांचं बनलेलं असतं. आता खिडकी टाइलभर, म्हणजे १६ पिक्सेल सरकली की तिला मूळ जागी आणायचं आणि टाइल पुन्हा रंगवायच्या. खरी गंमत इथे: रंगवायच्या त्या फक्त शेजारच्या टाइलीहून वेगळ्या असलेल्या! मोकळ्या जागेशेजारी मोकळीच जागा असेल तर हातही लावायचा नाही. याला अडॅप्टिव्ह टाइल रिफ्रेश म्हणतात. एकदा कीनला सोडून मागचं चित्र बघा. तीच वीट, तीच सपाट पोकळी, लांबच लांब. लोक त्याला कंटाळवाणं म्हणतात. मला ते गेममधलं सगळ्यात देखणं काम वाटतं.

मंगळू:
हे आधी मारिओवर करून पाहिलं होतं. सप्टेंबर १९९० मध्ये कारमॅक आणि त्याचा सहकारी टॉम हॉल यांनी एका रात्रीत ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ची पहिली लेव्हल पीसीवर उतरवली, मारिओच्या जागी डेंजरस डेव्ह हा दुसऱ्या गेममधला हिरो घालून. पुढे निनटेंडोला नमुना पाठवला, त्यांनी नको म्हटलं. मग डिसेंबरात आपला आठ वर्षांचा बिली ब्लेझ, म्हणजेच कीन, आला, भावाचं फुटबॉल हेल्मेट घालून.

बोरूबहाद्दर:
झकास! आता एवढं सांगा, गेममधल्या त्या यॉर्प नावाच्या हिरव्या प्राण्याचं काय करू? मारत नाही, नुसता ढकलत नेतो मेला.

जुनीफ्लॉपी:
गोळी घालू नका हो त्याला. डोक्यावर उडी मारा, गरगरतो, तेवढ्यात सटका. गोळ्या व्हॉर्टिकॉन नावाच्या दांडग्या शत्रूसाठी राखा, तो एकीने पडत नाही. आणि सेव्ह फक्त नकाशावर होतं, तेव्हा लेव्हल संपली की लगेच करून टाका.