शाळेत येऊन तासभर वाजवून गेलात म्हणजे वादक तयार होत नाहीत

मंद्रसप्तक:
मुंबईच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाबद्दल (एसओआय) या फोरमवर एकानं नुकतंच लिहिलंय: नरिमन पॉइंटला बसून मूठभर लोकांसाठी ब्राम्ससारख्या पाश्चात्त्य संगीतकारांच्या रचना वाजवणं थांबवा, शाळाशाळांत फुकट कार्यक्रम करा, निम्मी सिनेमाची गाणी घ्या, दहा वर्षांत आपलीच मुलं त्या खुर्च्यांवर दिसतील. खाली 'सहमत'ची रांग लागली आहे. वाचून डोकं फिरलं. मी व्हायोलिन शिकवते, स्वतः व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, खालच्या सुराचं वाद्य) वाजवते, त्यामुळे हे दुखणं माझं रोजचं आहे.

२००६ साली एनसीपीए या नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्रात हा ऑर्केस्ट्रा उभा राहिला तेव्हा केंद्राचे अध्यक्ष खुश्रू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांना वादक कझाकस्तानातून आणावे लागले. आजही मोठी सिम्फनी लावायची तर सीझनपुरते बाहेरून पाहुणे वादक येतात. का? मुंबईच्या मुलांच्या कानावर बीथोवन पडलेला नाही म्हणून? अजिबात नाही. पियानो-कीबोर्ड शिकणारी मुलं गल्लोगल्ली आहेत. व्हायोला, ओबो आणि बासून (फुंकून वाजवायची वाद्यं), डबल बास (सगळ्यांत मोठं गजाचं वाद्य) शिकणारं एक मूल दाखवा. व्हायोलिन शिकणारी मुलं आहेत, पण ती एकटी शिकतात, एकटी रियाज करतात, एकटी परीक्षा देतात, आणि दहावी आली की व्हायोलिनची पेटी माळ्यावर जाते.

माझ्याकडे एक मुलगी आली. लंडनच्या परीक्षेत पाचव्या ग्रेडला डिस्टिंक्शन. हात सुंदर, सूर पक्का. रविवारच्या आमच्या छोट्या गटात तिला सेकंड व्हायोलिनला, म्हणजे व्हायोलिनच्या दुसऱ्या गटात, बसवलं. सुरुवातीला सोळा बार, म्हणजे तालाचे सोळा समान भाग, गप्प बसायचं होतं. तिला मोजता येईना. चेलो सुरू झाले की ती त्यांच्याकडे बघत राहायची आणि स्वतःची जागा हुकायची. शेजारच्या मुलाचा गज खाली येतोय आणि आपला वर जातोय, हे तिच्या लक्षातच येत नव्हतं, कारण आजवर तिच्या शेजारी कोणी बसलंच नव्हतं.

ऑर्केस्ट्रानं खरंच काही करायचं असेल तर उपनगरांत दर रविवारी मुलांचे वाद्यगट चालवावेत, प्रत्येक गटाला आपले दोन वादक द्यावेत, आणि वाद्यं वापरायला द्यावीत. मूल पाव व्हायोलिनवरून अर्ध्यावर, अर्ध्यावरून पाऊणवर जातं, दर खेपेला नवं घेणं किती घरांना झेपेल? शाळेतला तासाभराचा कार्यक्रम म्हणजे फोटो आणि टाळ्या. दुसऱ्या दिवशी त्या मुलांच्या हातात काय असतं?

कानसेन:
मूळ प्रश्नच चुकलाय. ऑर्केस्ट्राला वादक मिळत नाहीत ही महाराष्ट्राची अडचण कधीपासून झाली? विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि घराण्यांच्या दारात अडकलेलं गाणं सामान्य घरांत आणलं. सामुदायिक संगीतशिक्षण म्हणतात ते हेच. माझ्या मुलाच्या शाळेत संगीताचा तास होता, तो गणिताला दिला. पेटी कपाटात बंद. आधी तो तास परत आणा, तानपुरा लावायला शिकवा, मग व्हायोलाचं बघू. आपलं संगीत एकट्यानं साधायचं आहे, त्यात कमीपणा कसला?

दुसरी_रांग:
मंद्रसप्तक, तुम्ही कार्यक्रमांना फार पटकन मोडीत काढताय. अमेरिकन संगीतकार-कंडक्टर बर्नस्टाइननं न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर १९५८ ते १९७२ मुलांसाठी टीव्हीवर कार्यक्रम केले. पहिल्याच कार्यक्रमात रॉसिनीच्या ऑपेराची ती ओव्हर्चर (सुरुवातीची वाद्यरचना) वाजवली, जी पोरांना टीव्हीवरच्या घोडेस्वाराची धून म्हणून पाठ होती, आणि तिथून सगळं उलगडत नेलं. ओळखीच्या धुनेवरून आत नेण्यात काय वाईट आहे? मग आपल्याकडे सिनेमाचं गाणं का नको? आणि एसओआयची स्वतःची अकादमी २०१२ पासून आहेच की. तुम्ही लिहिलंय असं की कोणी काही करतच नाही.

मंद्रसप्तक:
बर्नस्टाइनमुळे श्रोते तयार झाले, हे मान्य. पण तिथल्या शाळांत बँड आणि ऑर्केस्ट्रा आधीपासून होते. ज्या पोराला टीव्ही बघून क्लॅरिनेट हवंसं वाटलं, त्याला ते शाळेत मिळत होतं. आपल्या पोराला वाटलं तर कुठं जाईल? अकादमी चांगली आहे, तिथं गजाच्या पकडीपासून शिस्तीत शिकवतात. पण दोन कोटींच्या महानगराला एक अकादमी! पुणे, नाशिक, कोल्हापूर तर सोडूनच द्या.

कानसेन, एकट्यानं साधायचं वगैरे ठीक, पण सरोदिये अलाउद्दीन खाँसाहेबांनी मध्य प्रदेशातल्या मैहरला अनाथ मुलं गोळा करून बँड उभा केला तो काय होता? सतार, व्हायोलिन, चेलो, शिवाय बंदुकीच्या नळ्यांचा नलतरंग. एकेकट्याला घडवण्यात त्यांच्यापेक्षा मोठा गुरू मिळणं कठीण. त्यांनाही मुलांनी एकत्र वाजवावं असं वाटलंच.

ठाण्याची_आई:
परीक्षांवर घसरण्याआधी आमचंही ऐका. माझी मुलगी चेलो शिकते. परीक्षा नसेल तर ती वाद्याला हात लावणार नाही, ही वस्तुस्थिती आहे. शाळा, ट्यूशन, स्कॉलरशिप यांच्या गर्दीत तारीख ठरलेली असते तीच गोष्ट होते. आणि तुमचा रविवारचा गट म्हणजे काय? ठाण्याहून चेलो घेऊन लोकलमध्ये चढून बघा. फर्स्ट क्लासच्या बायका म्हणतात सामानाच्या डब्यात जा, सामानाच्या डब्यात मासळीच्या टोपल्या आणि पत्र्याचे डबे, त्यात मी दोन्ही हातांनी पेटी छातीशी धरून उभी. सर्टिफिकेट हातात पडतं तेव्हा निदान सासरच्या लोकांना सांगता येतं की एवढी धावपळ कशासाठी केली.

मंद्रसप्तक:
प्रवासाचं शंभर टक्के पटलं, म्हणूनच उपनगरांत म्हटलं. परीक्षेचं नाही पटलं. एबीआरएसएमचा, म्हणजे त्या लंडनच्या परीक्षेचा, हिशेब बघा: १५० पैकी ९० गुण तीन तुकड्यांना (आधी बसवून आणलेल्या रचनांना). स्केल्सना (आरोह-अवरोहांना) २१, साइट रीडिंगला (न पाहिलेला कागद बघून वाजवण्याला) २१, कानाच्या चाचणीला १८. १०० ला पास. म्हणजे वर्षभर तीन तुकडे घोटायचे, नवा कागद वाचता आला नाही तरी निभावतं. त्यात २०२० पासून दुसरा पर्यायही आलाय: चार तुकडे वाजवून व्हिडिओ पाठवायचा, स्केल्स नाहीत, साइट रीडिंग नाही. आठवा ग्रेड झालेली मुलं समोर नवा कागद ठेवला की रडकुंडीला येतात. ऑर्केस्ट्रात तर दर कार्यक्रमाला नवाच कागद असतो.

ठाण्याची_आई:
मग शिक्षकांनी शिकवावं ना साइट रीडिंग! आम्ही फी देतो. आमच्या क्लासमध्ये (नाव घेत नाही) बाईच म्हणाल्या की गुण तुकड्यांत आहेत, तिकडे लक्ष द्या. दोष आयांचा?

कानसेन:
गांधर्वच्या परीक्षांचंही तेच झालंय. विशारद होऊन बसलेली मुलं, आणि बंदिश बदलली की ताल हरवतो. त्या बाबतीत तुमच्याशी सहमत व्हावं लागतंय, आनंदानं नव्हे.

बार्देशकार:
परीक्षेशिवाय मुलं शिकत नाहीत हे आमच्या गोव्यात कोणाला सांगू नका. पोर्तुगीज काळात गावोगावी चर्चच्या शाळेत सोल्फेजो शिकवत. आधी स्वर वाचून म्हणायचे, हातानं ठेका द्यायचा, मगच व्हायोलिन हातात. सर्टिफिकेट कसलं आलंय? रविवारी चर्चमध्ये वाजवायचं, फेस्ताला (चर्चच्या सणाला) वाजवायचं, चुकलं तर अख्ख्या गावाला ऐकू यायचं. माझे आजोबा तसेच शिकले. सिनेमासंगीतातले वादक-अरेंजर अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे, अरेंजर सेबॅस्टियन डिसूझा गोव्याचेच. मुंबईच्या सिनेमाचा अर्धा वाद्यवृंद त्या शाळांनी पुरवला. मंद्रसप्तक म्हणतात ते आम्ही करून बसलोय.

कानसेन:
चर्चची सक्ती होती ती. तिला सामुदायिक शिक्षण म्हणू नका. आणि कागद वाचण्याचं एवढं कौतुक कशाला? आमच्याकडे कानानं शिकतात. गुरू गातो, शिष्य गातो. कागदावर मींड लिहून दाखवा.

बार्देशकार:
सक्ती? आजोबा फादरना चुकवून रात्री व्हायोलिन वाजवायला पळायचे. माहिती नसताना काहीही लिहू नये.

जुना_सेशनवाला:
बऱ्याच दिवसांनी लिहितोय, कारण राहवलं नाही. मी स्टुडिओत व्हायोलिन वाजवून घर चालवलं. ताडदेवला सकाळची शिफ्ट. अरेंजर (कोणत्या वाद्यानं काय वाजवायचं ते लिहिणारा) कागद वाटायचा, शाई ओली असायची. एक रिहर्सल, की टेक. गायक, ऱ्हिदम, स्ट्रिंग्ज सगळे एकदम. मागच्या रांगेतल्या एकाचा गज घसरला की गाणाऱ्या बाईंना पुन्हा पहिल्यापासून गायला लागायचं, आणि सगळे मान वळवून त्याच्याकडे बघायचे. त्या नजरेइतकी कडक परीक्षा लंडनवाल्यांना घेता येणार नाही.

कानसेन, आमच्यात कागद वाचणारे होते आणि कानानं वाजवणारेही होते. सतारिये, बासरीवाले बहुतेक सरगम लिहून घ्यायचे. एकाच टेकमध्ये दोघे बसायचे आणि गाणं व्हायचं. तुम्ही इथं भांडताय ते भांडण आमच्यात कधी झालं नाही.

पण मंद्रसप्तक, तुमच्याशीही माझं भांडण आहे. सिनेमाची गाणी म्हणताना तुमचा सूर तुच्छतेचा लागतो. गोन्साल्विससाहेबांनी १९५८ साली इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, झेवियर कॉलेजच्या आवारात कार्यक्रम केला, लताबाई आणि मन्नादा गायला होते. रागदारी आणि स्ट्रिंग्ज एकत्र. सिनेमात राबणाऱ्या वादकांच्या जिवावर झालं ते. आणि तुमच्या वाद्यगटांतून शंभर मुलं तयार झाली असं धरू. पुढं? सिंथेसायझर आला, ट्रॅकवर ट्रॅक चढवता यायला लागले, आणि चाळीस व्हायोलिनचं काम एक माणूस दोन हातांनी करायला लागला. आमच्यापैकी कोणीही आपल्या पोराला व्हायोलिन दिलं नाही. मीही नाही. मुलं बीथोवन ऐकत नाहीत म्हणून नव्हे, तर महिन्याला घरात काय येईल ते दिसत होतं म्हणून. ऑर्केस्ट्रात पगाराच्या खुर्च्या किती, ते आधी सांगा.

मंद्रसप्तक:
काका, तुच्छता नव्हती, पण वाचताना तशी वाटली असेल तर ती ओळ तुमच्यासाठी मागे घेते. त्या पोस्टमध्ये सिनेमाची गाणी म्हणजे मुलांना गप्प बसवायचं साधन, अशा थाटात लिहिलं होतं, राग त्याचा आहे. त्या अरेंजमेंट्स मुलांच्या गटाला वाजवायला दिल्या तर उत्तम शिक्षण होईल. फक्त त्या वाजवाव्यात मुलांनी. खुर्चीवर बसून ऐकण्यापुरत्या नकोत.

पगाराच्या खुर्च्या थोड्या आहेत, खरं आहे. पण क्रिकेटच्या नेट्समध्ये येणारं प्रत्येक पोर रणजी खेळत नाही म्हणून आपण नेट्स बंद करत नाही. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी हा ऑर्केस्ट्रा काढला तेव्हाही सगळे पगारी नव्हते, हौशी मंडळी होतीच. पुढं लॉस एंजेलिसला गेल्यावर त्यांनी १९६४ साली तरुणांचा ऑर्केस्ट्रा काढला आणि वर्षानुवर्षं स्वतः चालवला. मुंबईच्या माणसानं तिथं केलं ते मुंबईत का होऊ नये, हे मला खरंच कळत नाही.

दुसरी_रांग:
त्यांचे चिरंजीव, कंडक्टर झुबिन मेहता, वयाच्या अठराव्या वर्षी व्हिएन्नाला गेले, कारण इथं पुढं शिकायची सोय नव्हती. सत्तर वर्षांनी आपण त्याच प्रश्नावर लिहितोय. तरी माझं म्हणणं तेच: श्रोता नसेल तर तुमच्या गटाला हॉलचं भाडंही निघणार नाही. झाकीरभाईंची तबल्याची कॉन्चर्तो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) २०१५ साली एसओआयनं केली तेव्हा माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ आयुष्यात पहिल्यांदा सिम्फनीच्या कार्यक्रमाला आले होते. नंतर ते पुढच्या सीझनला दिसले. कार्यक्रम असे निवडा, ही मागणी मी सोडणार नाही.

कानसेन:
त्या कॉन्चर्तोला मीही होतो. चांगली झाली, लयकारी सांभाळली होती. याच्यापुढे मी जाणार नाही. शाळेतला संगीताचा तास परत येईपर्यंत माझा पाठिंबा कोणालाच नाही.

जुना_सेशनवाला:
नेट्सचं ठीक आहे. पण नेट्समध्ये कोच लागतो आणि कोचला पगार लागतो. तो ऑर्केस्ट्रा देणार असेल तर मी फुकट यायला तयार आहे. माझ्यासारखे अजून चार-पाच आहेत, हात थरथरतात पण कागद वाचता येतो. सेकंड व्हायोलिनच्या मागच्या रांगेत बसून मुलांना मोजायला शिकवू. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, सरस सुटतो, ती दुरुस्तीही शिकवता येईल.

मंद्रसप्तक:
काका, व्यनि (खासगी निरोप) केलाय. प्लीज बघा.

ठाण्याची_आई:
गट ठाण्यात किंवा मुलुंडला होणार असेल तर मुलीला पाठवीन. पाऊण चेलो आता तिला लहान पडतोय, कोणाकडे वापरायला पूर्ण चेलो आहे का?

मंद्रसप्तक:
एक आहे, ब्रिज (तारांखालची घोडी) बदलावा लागेल, बाकी ठणठणीत. अट एकच: परीक्षेच्या महिन्यातही रविवार चुकवायचा नाही.

ठाण्याची_आई:
परीक्षेच्या महिन्यात जमणार नाही. आत्ताच सांगून ठेवते.