मदत हवी आहे: उन्हाळीचे (शरपुंखा) बी उगवत नाही

पुरंदर तालुक्यातील आमच्या मुरमाड माळावर मातीची धूप थांबवण्यासाठी उन्हाळी हे रानटी झुडूप वाढवायचे आहे. ओळखीबाबत शंका नाही: जांभळट-गुलाबी फुले, किंचित वाकलेल्या चपट्या शेंगा, आणि पर्णिकेचे टोक धरून ओढले असता ती बाणाच्या पिसाऱ्यासारखी तिरकस तुटते.

वाळलेल्या शेंगांतून काढलेले साठ दाणे रात्रभर साध्या पाण्यात भिजवून पेरले, तेव्हा तीन आठवड्यांत केवळ चार उगवले. उरलेले उकरून पाहिले तर ते कुजलेले नव्हते, खड्यासारखे टणक होते. म्हणजे कठीण टरफलातून पाणीच आत शिरले नसावे. पुढच्या खेपेस बी पॉलिश पेपरवर हलके घासले आणि निम्म्याहून अधिक उगवले. मात्र पिशवीतील रोपे वीतभर झाल्यावर माळावर लावताना सोटमूळ तळाशी गुंडाळलेले आढळले व बहुतेक रोपे पंधरवड्यात वाळली. माळावरून उपटलेली जुनी झुडपे तर जगलीच नाहीत, तो प्रयत्न मुळातच चुकीचा होता.

आता किलोभर बी हाताने घासणे शक्य नाही, टरफल मऊ करण्यासाठी आम्ल वापरायचे नाही, आणि पावसाळ्यानंतर पाणी देण्याची सोय नाही. मेंढ्या येतात, पण पहिले वर्षभर त्यांना अडवता येईल.

एवढ्या बियाण्यासाठी गरम पाण्याची प्रक्रिया कोणी प्रत्यक्ष केली असल्यास पाणी किती गरम होते आणि बी त्यात किती वेळ ठेवले होते? असे बी मृगाच्या पहिल्या पावसावर थेट टोकावे, की जमिनीत ओल पुरती मुरेपर्यंत थांबावे?