चॅपलमध्ये चौघांच्या वादनाला माइक कशाला?

बार्देसकर:
दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठा), एक चेलो (त्याहून मोठा, खर्जाचा). गोव्यातल्या छोट्या चॅपलमध्ये अशी चौकडी वाजते तेव्हा आत माइक लावूच नये, असं माझं ठाम मत आहे. अठराव्या शतकातला ऑस्ट्रियन संगीतकार हायडन, त्याच्या ६८ चौकड्यांपैकी, म्हणजे या चार वाद्यांसाठीच्या रचनांपैकी, बहुतेक दिवाणखान्यात वाजवायच्या म्हणून लिहिलेल्या. चुन्याच्या भिंती, उंच छत, आवाज आपसूक मागपर्यंत जातो. परवा एका ठिकाणी साउंडवाल्याने चारही वाद्यांना माइक चिकटवले होते. चौघं समोर बसलेले, आवाज मात्र बाजूच्या स्पीकरमधून. दुसरं व्हायोलिन कुठलं आणि व्हायोला कुठला, शेवटपर्यंत कळलं नाही.

मडगावची:
अजिबात पटलं नाही. तुम्ही पुढे बसला असणार. मागच्या बाकांवर म्हाताऱ्या बायका असतात, डोक्यावर पंखे घरघरतात, दारं सताड उघडी आणि बाहेर स्कूटर. त्यांनी काय ऐकायचं? आणि हायडनचंच म्हणाल तर १७९३ सालच्या सहा चौकड्या त्याने लंडनच्या जाहीर मैफली डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिल्या. आपल्याकडे तर खुरसासमोर, म्हणजे क्रुसासमोर, उघड्यावर लादीन (गाऊन म्हटलेली प्रार्थना) होतं, तिथेही व्हायोलिन वाजतं. ते काही बंद खोलीतलं नाजूक वाद्य नव्हे.

बार्देसकर:
लादीनला माणसं वाजवणाऱ्याला खेटून उभी असतात, म्हणून माइक लागत नाही. तेच इथे करा. वादक मधोमध, खुर्च्या चहूबाजूंनी. चेलोखाली लाकडी पाट ठेवा; चेलोच्या बुडाचा खिळा त्यावर टेकला की खर्ज पाटातूनही घुमतो.

व्हायोलावाला:
मी वाजवतो, म्हणून लिहितो. आमच्यात कोणी किती दबायचं, कोणी कधी वर यायचं, हे एकमेकांचा गज बघून क्षणाक्षणाला ठरतं. सगळी तालीम त्याचीच असते. प्रत्येकाला वेगळा माइक दिला की तो निर्णय मिक्सरवर बसलेल्या माणसाकडे जातो, आणि त्याने ती रचना कधी ऐकलेलीही नसते. लावायचाच असेल तर चौघांसमोर थोड्या अंतरावर माइकची एकच जोडी उभी करा, आवाज जेमतेम उचलेल इतकीच. पंख्यांचं मात्र खरं आहे. हळू जागा त्यात बुडतात, शिवाय नोटेशनचे कागद उडतात ते वेगळंच, आम्ही कपड्यांचे चिमटे लावतो.

मडगावची:
जोडीचं मान्य. पण शेवटी मांडो (आपलं कोकणी गाणं) घेतात, घुमट हे मातीच्या मडक्याचं तालवाद्य सुरू होतं, तेव्हा व्हायोलिन ऐकूच येत नाही. तिथे काय? आणि जागा नसल्यामुळे अंगणात उभे राहणारे?

बार्देसकर:
अंगणात खुशाल स्पीकर लावा, माझी हरकत आतल्या स्पीकरला आहे. घुमटवाल्याला मागे बसवा, हात हलका ठेवायला सांगा. चांगला वाजवणारा ठेवतो. पंखे मात्र वादनापुरते बंदच हवेत. नाहीतर कार्यक्रम डिसेंबर-जानेवारीत घ्या.

मडगावची:
मुंबईची माणसं मे महिन्यात गावी येतात. कार्यक्रम त्यांच्यासाठीही असतो. मे महिन्यात भरलेल्या चॅपलमध्ये पंखे बंद करायला मी कोणालाही सांगणार नाही.