देवाची वाट पाहायची म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

नगरकर_युवा
सर्वांना सलाम. आमच्या तरुण संघाचा पुढचा अभ्यास बायबलमधल्या स्तोत्र 27:14 वर, म्हणजे "परमेश्वराची वाट पाहा" या ओवीवर आहे. मुलांचा प्रश्न सरळ आहे: नोकरी किंवा लग्न अडलं असताना देवाची वाट पाहायची म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं का? आणि महिनोन्‌महिने प्रार्थना करूनही काही हललं नाही, तर विश्वास कमी पडला असं समजायचं का? रोज पाळता येईल असं काही सांगा.

पाळकीणबाई
अर्ज जरूर करायचे. मुलांना रूथचं पुस्तक वाचायला लावा, चारच अध्याय आहेत. रूथ जवाचा आणि गव्हाचा हंगाम संपेपर्यंत शेतात सरवा वेचत होती. सासू नामीनं तिला "आता स्वस्थ बस" म्हटलं ते 3:18 मध्ये, म्हणजे रूथच्या हातातलं सगळं करून झाल्यावर. रूथशी लग्न करू पाहणाऱ्या बवाजाहून जवळचा एक नातलग होता, त्यामुळे पुढचा निर्णय वेशीत, बवाजाच्या हाती होता. अर्ज, अभ्यास, मुलाखत ही आपली बाजू. मुलाखत झाल्यावर दिवसातून दहादा मेल उघडून पाहणं, ओळखीच्या साहेबाकरवी दबाव आणणं, हे थांबवायचं.

आणि लग्न ठरेपर्यंत बाकीचं आयुष्य अडवून ठेवू नका. बाबेलात नेलेल्या यहुदी बंदिवानांना तिथे 70 वर्षं जातील असं सांगितलं होतं, तरी घरं बांधा, बागा लावा असंच सांगितलं (यिर्मया 29).

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगा: घरात मारहाण होत असेल किंवा आजार अंगावर काढला जात असेल, तर तिथे "वाट पाहा" हा सल्ला देऊच नका. आधी सुरक्षित जागा, आधी डॉक्टर.

गिलगाल
बिघडतं कुठे ते 1 शमुवेल 13 मध्ये दिसतं. शौल राजा शमुवेल संदेष्ट्यासाठी सात दिवस थांबला होता. पलिष्टी मिखमाशात जमलेले, स्वतःची माणसं पांगू लागलेली, शमुवेल आलेला नाही. मग त्यानं स्वतःच होमार्पण केलं, आणि ते आटोपतं तोच शमुवेल आला. त्यानं केलं ते वरवर भक्तीचंच काम होतं, म्हणून तर फसायला होतं. माणसं निघून चालली या भीतीनं त्यानं न सोपवलेलं काम हातात घेतलं. आपल्याकडे हेच उपास धरून, "प्रभूनं सांगितलं" म्हणत घाईनं ठरवलेल्या लग्नात होतं.

पाऊल टाकण्याआधी एवढं तपासा: यात खोटं बोलावं लागतंय का? अनुभवाचा बनावट दाखला जोडावा लागत असेल, तर उत्तर मिळालंच.

नगरकर_युवा
आभारी आहे. प्रार्थनेची वेळ कशी वापरायची? ती मुलं पाच मिनिटांत कंटाळतात.

वसईकर
वीस मिनिटं पुरेत. आधी स्तोत्र 13 मोठ्यानं वाचायचं, सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत "कोठवर" हा प्रश्न चारदा येतो. मग आपली तक्रार वहीत तारखेसह दोन ओळींत लिहायची. गुळगुळीत करू नका, हे स्तोत्र ज्याचं आहे त्या दावीदानंही केली नाही. नंतर पाच-सात मिनिटं गप्प बसायचं. मन भटकलं की एकच ओवी हळू म्हणायची. उठण्याआधी आजचं एक कर्तव्य ठरवायचं. बायबलच्या वचनांच्या चिठ्ठ्यांतून एखादी उचलून निर्णय घेऊ नये. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नास यांनी घालून दिलेला नियमही मोलाचा आहे: मन कोरडं, उदास असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही.

विश्वास कमी पडला का, याचं उत्तर 2 करिंथ 12 मध्ये आहे. प्रेषित पौलानं अंगातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा गेला नाही, कृपा मिळाली. कधी उत्तर "नाही" असतं. दावीद आपल्या आजारी लेकरासाठी सात दिवस उपाशी जमिनीवर पडून होता. लेकरू गेल्याचं कळताच उठला, आंघोळ केली, मंदिरात जाऊन नमन केलं आणि मग जेवला (2 शमुवेल 12). तरुणांना हा भाग आवर्जून शिकवा, तो सहसा वगळला जातो.