मदत हवी आहे: गाडी गरम झाली की बंद पडते. जुनीच दुरुस्त करू की नवी घेऊ?

उनाड_सायलेन्सर
सकाळी गाडी अर्ध्या किकमध्ये सुरू होते. वीस-पंचवीस मिनिटं चालवली की झटके देते आणि बंद. मग कितीही किक मारा, ढिम्म. अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू. प्लग नवा टाकलाय, कार्बोरेटर साफ करून झालाय. घरचे म्हणतात विकून टाक, एफआय (फ्युएल इंजेक्शनवाली) घे. जुनी जास्त भरवशाची की नवी, एवढंच सांगा. या आठवड्यात ठरवायचंय.

टॅपेट
टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक? ठिणगी पॉइंटच्या उघडझापीने पडते की सीडीआयने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने? त्याशिवाय काय सांगणार?
बंद पडल्या पडल्या, तिथेच टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. तसं नसेल तर प्लग काढून वायरच्या टोपीत बसवा, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या हेडला टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. ठिणगी निळी आणि कडक आहे की पिवळी आणि बारीक? गार झालेल्या इंजिनावर हे तपासून काही कळणार नाही.

इंजेक्टर
सरळ एफआय घ्या. पॉइंट नाही, चोक नाही, जेट तुंबणं नाही. इंजिन थंड आहे की गरम हे सेन्सर सांगतो आणि ईसीयू (गाडीचा छोटा कॉम्प्युटर) त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. बिघडलं तर मीटरवरचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, त्यावरून कुठला सेन्सर गेला ते कळतं.

बिडाची_स्लीव्ह
कळलं, मग पुढे? पेट्रोलचा पंप गेला की गाडी उचलूनच न्यावी लागते. तो बहुधा टाकीत असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं, त्यामुळे कायम रिझर्व्हवर चालवणाऱ्यांचा लवकर जातो. बॅटरी पार बसली तर पंप दाबच देत नाही. जुन्या स्लीव्हला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या बिडाच्या नळीला, 0.25, 0.50, 0.75, 1.00 मिमी असं टप्प्याटप्प्याने बोअर करता येतं. नव्या लेपवाल्या सिलिंडरला ओव्हरसाइज पिस्टन सहसा मिळतच नाही, अख्खा संच बदला.

इंजेक्टर
तो लेप इतका कडक असतो की ती वेळ फार उशिरा येते. आणि ब्रेकचं काय? ड्रममध्ये पाणी शिरलं की पकड जाते. बीएमडब्ल्यूने 1988 मध्ये के100 वर एबीएस (ब्रेक दाबताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दिलं, आता ते साध्या गाड्यांवरही मिळतं. वेळेवर थांबणं हाही भरवसाच आहे.

ओ_रिंग
चेन बघितली का? सैल चेननेही झटके येतात. मधोमध 25 ते 35 मिमी खेळ ठेवा. ओ-रिंगची चेन पेट्रोलने धुऊ नका, रबरी रिंगा खराब होतात.

टॅपेट
अहो, चेनने इंजिन बंद पडत नाही.

उनाड_सायलेन्सर
फोर स्ट्रोक, पॉइंट. झाकण उघडून फरक नाही. ठिणगी पिवळी, मध्येच गायब. पॉइंटवर निळे-काळे डाग, एका बाजूला खड्डा आणि समोर उंचवटा. पण घेऊ की नको?

टॅपेट
मग कंडेन्सर, पॉइंटला जोडलेली ती छोटी डबी. तापला की आतलं इन्सुलेशन गळतं, ठिणगी पॉइंटवरच उडते आणि प्लगपर्यंत जोर पोचत नाही. डाग त्याचेच.
कंडेन्सर आणि पॉइंट दोन्ही बदला. पॉइंट पूर्ण उघडे असताना फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्याने) फट 0.35 मिमी. फट हलली की टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) हलतं, म्हणून टायमिंग नंतर लावा, आधी नाही. पॉइंट उघडणाऱ्या कॅमच्या फेल्टला ग्रीसचा ठिपका द्या, नाहीतर पॉइंटची टाच झिजून फट कमी होते. एवढं करूनही बंद पडली तर कॉईलचा रोध थंड आणि गरम असताना मोजा.
आता घेऊ की नको. दर तीनेक हजार किलोमीटरला पॉइंट आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) स्वतः बघणार असाल तर हीच ठेवा, तिच्यातला जवळजवळ प्रत्येक बिघाड डोळ्यांनी दिसतो. हात काळे करायचे नसतील आणि रोज वेळेवर पोचायचं असेल तर एफआय. पण कंडेन्सरपायी विकू नका.

बिडाची_स्लीव्ह
पॉइंटच काढा. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किट बसवा, कटकट संपली.

टॅपेट
आधी 6 व्होल्ट आहे की 12 ते तर विचारा. 12 चा किट 6 वर चालणार नाही.

उनाड_सायलेन्सर
6 व्होल्ट. कंडेन्सर इंजिनपासून लांब, टाकीखाली बसवला तर चालेल का?

टॅपेट
चालेल, उलट टिकेल. मूळच्याच मापाचा घ्या, साधारण 0.2 ते 0.3 मायक्रोफॅरड. वायर शक्य तितकी आखूड, आणि जिथे कसणार तिथला रंग खरवडून टाका, अर्थिंग नीट मिळालं नाही तर हीच लक्षणं परत येतील.

ओ_रिंग
गाडी कोणती ते अजून सांगितलं नाहीत.