आठ जणांसाठी ड्राफ्टच बरा

वाशीत रविवारी आठ जण मॅजिक (मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ) खेळायला बसणार, तर सील्ड ठेवायचं की ड्राफ्ट, असा प्रश्न वर आलाय. माझं मत ड्राफ्टला. सील्डमध्ये प्रत्येक जण आपलीच पत्त्यांची पाकिटं फोडून त्यातून डेक (खेळायची गड्डी) बांधतो: माणशी ६ पाकिटं, म्हणजे ४८. ड्राफ्टमध्ये पाकिटातला एक पत्ता ठेवून बाकीचे शेजाऱ्याला द्यायचे, असं पाकीट संपेपर्यंत: माणशी ३, म्हणजे २४. खर्च सरळ निम्मा.

पहिलं पाकीट डावीकडे सरकवायचं, दुसरं उजवीकडे, तिसरं पुन्हा डावीकडे. डेक किमान ४० पत्त्यांचा: १७ लँड (बाकीचे पत्ते खेळायची ताकद देणारे पत्ते), २३ इतर. नवखे हमखास १५ लँडवर येतात आणि मग तिसऱ्या लँडची वाट बघत हरतात. ४१वा पत्ताही घालू नका, चांगले पत्ते हाती यायची शक्यता तेवढी घटते.

५० मिनिटांच्या ३ स्विस फेऱ्या (हरलेला बाद होत नाही, सारखे जिंकलेले समोरासमोर येतात) पुरतात. बरोबरी झाली नाही तर तिन्ही जिंकणारा एकच उरतो.

आणि हो, आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत फॉइल (चमकदार थराचे) पत्ते धनुष्यासारखे वाकतात. गड्डी कापताना बोट नेमकं तिथेच अडतं, आणि तो खुणेचा पत्ता ठरतो. म्हणून लँड साधेच घ्या, स्लीव्ह (पत्त्यावर चढवायची प्लॅस्टिकची पिशवी) सगळे एकाच पाकिटातले, मागून अपारदर्शक. डबीत सिलिका जेलची पुडी टाकाच.